मशीनवर पुढे, नदीवर मागे : सांगलीच्या एका रोइंग प्रशिक्षकाचे प्रकरण

हे प्रकरण सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावातले आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचे नाव दिलेले नाही, वये आणि काही तपशील बदलले आहेत. मी मिरजेत फिजिओथेरपी करते. एका मुलाच्या पाठदुखीच्या निमित्ताने त्याच्या प्रशिक्षकांशी ओळख झाली आणि त्यानंतरचे दोन हंगाम मी हे काम जवळून पाहिले. मुलगा, त्याचे वडील आणि प्रशिक्षक या तिघांच्या संमतीने लिहिते आहे. प्रशिक्षकांना गावात सगळे 'फौजी' म्हणतात, मुले 'सर' म्हणतात. इथे मीही सरच म्हणेन.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठाला होडी नवी नाही. पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली की सांगलीच्या परिसरात होड्यांच्या शर्यती होतात आणि घाटावर उभे राहायला जागा मिळत नाही. सर याच शर्यतींत वाढले. अठराव्या वर्षी सैन्यात भरती झाले, सॅपर म्हणून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात. पुण्यात दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात सैन्याचे रोइंग केंद्र आहे. सरकत्या आसनाची बोट त्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिली.

पुढचे सगळे प्रकरण या दोन बोटींतल्या फरकावर उभे आहे, म्हणून तो आधी सांगते. गावच्या लांब होडीत गडी ओळीने, तोंड पुढे करून बसतात. आसन हलत नाही, वल्हे आखूड असते, त्यामुळे जोर खांद्यातून आणि पाठीतून येतो. रोइंगच्या बोटीत खेळाडू पाठमोरा बसतो, पाय फूट-स्ट्रेचरला, म्हणजे पाय टेकवायच्या पाटीला, बांधलेले असतात, आसन रुळांवर पुढेमागे सरकते आणि वल्हे बोटीच्या बाहेर काढलेल्या रिगर नावाच्या सांगाड्यावरच्या ऑरलॉकमध्ये, म्हणजे वल्हे अडकवायच्या खोबणीत, फिरते. इथे जोर आधी पायांचा, मग धडाचा, शेवटी हातांचा. एका स्ट्रोकमधली साधारण निम्मी शक्ती पायांतून येते, तिसरा हिस्सा धडातून आणि उरलेली हातांतून, असे मोजमापांतून दिसले आहे.

सर खेळाडू म्हणून मधल्या फळीतले. देशाच्या संघात कधी आले नाहीत. त्यांच्या तुकडीत ऑरलॉकवर बसवायचे सेन्सर आले तेव्हा ते सांभाळायला कोणीतरी हवे होते, आणि बारावी विज्ञान झालेले म्हणून ते काम त्यांच्याकडे आले. वल्हे पाण्यात किती अंशांवर शिरते, जोर कधी चढतो, कधी पडतो, याच्या रेघा वाचायला ते तिथे शिकले. प्रशिक्षकांच्या खुर्चीमागे उभे राहून वर्षानुवर्षे त्यांनी तेच केले. खेळाडू ते बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचाली मोजण्याचे शास्त्र, अशी वाट जगात अनोळखी नाही. वालेरी क्लेश्नेव्ह १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाच्या चौघांच्या स्कल बोटीत (स्कलमध्ये प्रत्येक जण दोन वल्ही चालवतो) रौप्यपदक मिळवून गेले आणि पुढे ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये रोइंगच्या बायोमेकॅनिक्सचे काम करू लागले. पण तिथे त्या कामाला पद होते, पगार होता. सर सतरा वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याजवळ पेन्शन होती, आणि एक कौशल्य होते ज्याला आपल्या जिल्ह्यात कोणी नोकरीचे नाव दिलेले नव्हते.

गावी परतल्यावर त्यांनी एक जुनी सिंगल स्कल, म्हणजे एकट्याची बोट, आणि एक डबल स्कल, म्हणजे दोघांची, मिळवली. जवळच्या एका शिक्षणसंस्थेने दोन एर्गोमीटर, म्हणजे रोइंगच्या सरावाच्या मशीन, घेऊन दिले. पहिल्या वर्षी अकरा मुले आली. घरच्यांना पटवायला एकच नाव पुरे व्हायचे : दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला कष्टकरी घरचा मुलगा, सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कलमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल बोटीत सुवर्णपदक घेऊन आला. दुष्काळी तालुक्यातले पोरगे तिथवर पोचले, आपली तर नदी दारातून वाहते, हे वडिलांना लगेच कळायचे.

अडचण

नदी दारात असली तरी वर्षभर वापरता येत नाही. जून ते सप्टेंबर कृष्णेत सिंगल स्कल घालणे म्हणजे जिवाशी खेळ. आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. शर्यतीची जड होडी भरल्या पाण्यात उतरते. १४ किलोची, हातभरही रुंद नसलेली स्कल उतरत नाही. पावसाळा संपून बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसले, पाणी तुंबून संथ झाले, की मगच खरा सराव सुरू होतो. तोवर सगळा भार एर्गोवर, म्हणजे त्या एर्गोमीटरवर.

अकरापैकी एका मुलाकडे सगळ्यांचे लक्ष होते. सतरा वर्षांचा, उंची १८६ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. लहानपणी तालमीत गेलेला, पुढे गावच्या होडीत बसलेला. एर्गोवर २००० मीटर त्याने ६ मिनिटे ५२ सेकंदांत काढले होते. मशीनच्या हिशेबाने ही सरासरी ३२० वॅट शक्ती होते. त्याच्याबरोबर सराव करणारा दुसरा मुलगा ६९ किलोचा, त्याची वेळ ७ मिनिटे १२ सेकंद, म्हणजे २७८ वॅट. पुढे या दोघांना अंगावरून मोठा मुलगा आणि लहान मुलगा म्हणेन.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बोटी पाण्यात गेल्या. सरांनी दोघांनाही सिंगलमध्ये १००० मीटर वर आणि १००० मीटर खाली सोडले. वाहत्या नदीत एकाच दिशेची वेळ फसवी असते, म्हणून दोन्ही दिशा. आणि सरासरी काढायची ती वेळांची नाही, वेगांची. वेगांची काढली तरच प्रवाहाचा वाटा पुरता वजा होतो. ही गोष्ट मी सरांकडून शिकले. हिशेब असा निघाला : मोठा मुलगा सेकंदाला ४.०८ मीटर, लहान मुलगा ४.१८. म्हणजे १००० मीटरला मोठा मुलगा सहा सेकंद मागे.

असे व्हायला नको होते. पाण्यावर वेग वाढवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पंधरा टक्के जास्त शक्तीतून जेमतेम पाच टक्के वेग मिळतो. त्यातही वजनदार मुलाची बोट खोल बसते आणि पाण्याचा विरोध वाढतो. हे सगळे वजा केले तरी तो दोन-तीन सेकंद पुढे असायला हवा होता. म्हणजे आठ-नऊ सेकंद कुठेतरी गळत होते.

याच सुमाराला तो माझ्याकडे आला. कंबर ऑगस्टपासून दुखत होती. आधी फक्त सरावानंतर, मग सकाळी उठतानाही. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घेऊन तो एर्गोवर बसत होता. सरांना सांगितले नव्हते.

आणि नोव्हेंबरच्या मध्यावर राज्यातल्या एका प्रशिक्षण केंद्राची निवड चाचणी होती. चाचणी म्हणजे एकच गोष्ट : एर्गोवर २००० मीटर.

सरांच्या बाजूने काय पणाला होते

मुलाचे भवितव्य आणि प्रशिक्षकाचे भवितव्य एकाच दोरीला बांधलेले होते, आणि ही गाठ सुटी करून पाहिल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. एर्गो देणाऱ्या संस्थेने सरांना सांगितले होते की या वर्षी एक जरी मुलगा केंद्रात निवडला गेला, तर संस्थेत पगारी रोइंग प्रशिक्षकाचे पद काढू आणि दोन नव्या बोटी घेऊ. तोंडी शब्द, कागद काही नव्हता. दुसरीकडे परराज्यातल्या एका अकादमीने त्यांना अकरा महिन्यांच्या करारावर विश्लेषकाची जागा देऊ केली होती. पगार पेन्शनच्या दुपटीहून जास्त, काम लॅपटॉपसमोर, आणि गावातले केंद्र बंद. पत्नी गावातच अंगणवाडीसेविका आणि मुलगी दहावीला, म्हणून घर हलवणे शक्य नव्हते.

मुलाला चाचणीला पाठवले आणि तो ६:५० च्या आत आला, तर सरांचे पद जवळजवळ नक्की. तो तसा येईल याची शक्यताही चांगली होती.

पर्याय

माझ्या दवाखान्यात सर, मुलगा आणि मी बसलो तेव्हा चार रस्ते समोर होते. पहिला, गोळ्या चालू ठेवून सहा आठवडे काढायचे आणि चाचणी द्यायची. या साध्या वेदनाशामक गोळ्या उत्तेजकांच्या बंदीत येत नाहीत, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. पण त्या दुखणे झाकतात, आणि झाकलेल्या दुखण्यावर पूर्ण जोराने बसलेला मुलगा कुठे थांबायचे हे समजू शकत नाही. दुसरा, पूर्ण विश्रांती. तो मुलाला मुळीच मान्य नव्हता, आणि वैद्यकीयदृष्ट्याही मला पटत नव्हता. अशा पाठीला निजून राहण्याने फायदा होत नाही. तिसरा, एर्गो अगदी कमी करायचे, पाण्यावर हळू गतीचा सराव ठेवायचा, तंत्र मुळापासून बदलायचे आणि ही चाचणी सोडून द्यायची. चौथा सरांनी स्वतः काढला : त्याला सिंगलमधून काढून डबलमध्ये लहान मुलाच्या मागे बसवायचे, म्हणजे त्याची लय पकडत शिकेल.

कुठलाही रस्ता निवडण्याआधी एक गोष्ट करणे भाग होते. सतरा वर्षांच्या खेळाडूची कंबर सहा आठवड्यांहून जास्त दुखत असेल, तर मणक्याच्या मागच्या भागात ताणाने पडलेली भेग नाही ना, हे आधी पाहावे लागते. पायात मुंग्या, बधिरपणा, रात्रीचे दुखणे यांतले काही नव्हते. तरी मी त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. एमआरआयमध्ये भेग नव्हती. मग आम्ही पुढचे बोललो.

तपासणीत मला जे दिसले ते असे : पुढे वाकताना त्याचे खुब्याचे सांधे लवकर अडत होते आणि राहिलेले सगळे वाकणे कंबरेतून होत होते. मांडीचे मागचे स्नायू आखडलेले. पाठीचे स्नायू मात्र असे कमावलेले की कुस्तीच्या आखाड्यात कोणीही कौतुक करावे. या मुलाची पाठ कमजोर नव्हती. तिच्याकडून पायांचे काम करून घेतले जात होते.

मोजमाप

सरांकडे आता ऑरलॉकचे सेन्सर नव्हते. त्यांनी जे होते त्यात भागवले, आणि या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

काठावर एका ठरलेल्या जागी तिपाईवर फोन लावला, सेकंदाला १२० चित्रे घेणाऱ्या मोडवर. मुलाच्या खांद्यावर, खुब्यावर, गुडघ्यावर आणि घोट्यावर रंगीत चिकटपट्टी. सांगलीतल्या अभियांत्रिकीच्या दोन विद्यार्थ्यांनी बोटीच्या तळाला एक छोटा प्रवेगमापक, म्हणजे वेगातला बदल नोंदवणारे साधन, प्लास्टिकच्या डबीत बंद करून बसवून दिला. तो सेकंदाला शंभर नोंदी ठेवायचा. चित्र आणि नोंद जुळवायची कशी? सुटण्याआधी मुलाने बोटीच्या कडेवर मुठीने एक ठोका मारायचा. चित्रात मूठ दिसते, नोंदीत टोक उठते, दोन्ही एकावर एक ठेवले की झाले.

रेघांनी जे दाखवले ते समजायला रोइंगच्या बोटीची एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वल्हे पाण्यात असताना बोट सर्वांत वेगात जाते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती सर्वांत वेगात असते वल्हे पाण्याबाहेर असताना, खेळाडू आसनावरून सरकत पुन्हा तयारीला येतो तेव्हा. ८२ किलोचा माणूस १४ किलोच्या बोटीत मागच्या टोकाकडे सरकतो, म्हणून बोट त्याच्याखालून पुढे पळते. आणि सर्वांत हळू होते ती पुढच्या स्ट्रोकच्या सुरुवातीला, कॅचला, कारण तो सरकता देह थांबवून उलट फिरवायला पायांनी फूट-स्ट्रेचर ढकलावा लागतो आणि तो धक्का बोटीला मागे रेटतो. हे प्रत्येकाचे होते. प्रश्न एवढाच की कॅचला रेघेत पडणारा हा खड्डा किती खोल आणि किती लांब.

मोठ्या मुलाचा खड्डा लहान मुलाच्या खड्ड्यापेक्षा बराच खोल होता. तो आसनावरून घाईने सरकत यायचा आणि शेवटी आदळायचा. आसन उलट फिरल्यापासून वल्ह्याचे पाते पूर्ण बुडेपर्यंत त्याला लहान मुलापेक्षा १४ चित्रे जास्त लागत होती, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडे अधिक. तेवढा वेळ पाय ढकलत होते, पण पाते हवेत होते. पायांची ताकद बोट मागे रेटण्यात जात होती. मग पाते पाण्यात गेल्यावर पाय अर्धे उलगडलेले, म्हणून तो पाठ उघडून ओढायचा. अगदी गावच्या होडीत ओढायचा तसाच.

एर्गोवर यातले काहीच पकडले जात नव्हते. मशीन जमिनीवर पक्के असते. तुम्ही आदळलात तरी ते मागे जात नाही, आणि चाकाला जोर पायाचा की पाठीचा याच्याशी देणेघेणे नसते. म्हणून मशीनवर ३२० वॅट आणि नदीवर सहा सेकंद मागे.

एकच दोष बोटही हळू करत होता आणि कंबरही दुखवत होता. सरांनी ती दोन चित्रे शेजारी ठेवून मला दाखवली तेव्हा माझी तपासणी आणि त्यांची रेघ एकमेकींत बसल्या.

निर्णय

सरांनी तिसरा रस्ता धरला आणि चौथा त्यात मिसळला. चाचणी सोडायची.

वडिलांना सांगायला ते स्वतः गेले. मी सोबत होते. वडील ऊसवाले शेतकरी, बोलणे मोजके.

"फौजी, वरीसभर पोरगं पहाटं चारला उठतंय. आमी त्याला शेतात हाक मारली न्हाई. आन् आता तुमीच म्हंताय नेत न्हाई?"

"आबा, न्यायचं म्हनला तर उद्या नेतो. निवड बी हुईल त्याची. पन पाठ मोडून परत आलं, तर ते तुमच्या दारात बसंल. संस्थेच्या दारात न्हाई."

वडील बराच वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, "त्याला इचारलं का?" विचारले होते, पण निर्णय ठरल्यानंतर. मुलगा त्या आठवड्यात सरावाला आला नाही.

संस्थेच्या सचिवांशी बोलणे याहून छोटे झाले. त्यांना आलेखात रस नव्हता. "सर, एक पोरगं तयार आहे आणि तुम्ही त्याला बसवून ठेवताय," एवढेच ते म्हणाले.

काय केले

पहिले तीन आठवडे सरांनी मुलाला आलेख दाखवले. रोज नवी रेघ, रोज तुलना. हे त्यांच्या सवयीतले होते. जुन्या तुकडीत ते प्रशिक्षकांना असेच दाखवत. मुलगा हुशार होता, त्याला रेघ कळायची, आणि बोटीत बसल्यावर तो रेघेचा विचार करत ताठ व्हायचा. त्याचा कॅच आणखी उशिरा होऊ लागला.

एका संध्याकाळी सरांनी लॅपटॉप बंद केला आणि विचारले, "घाटावरनं होडी पाण्यात लोटतोस, तवा पाठीनं लोटतोस का पायानं?"

"पायानं."

"आन् हात?"

"हात नुसतं लावल्यालं असत्यात."

"मग हितं बी तेच कर. आधी पातं पाण्यात ठिव, मग होडी लोट."

यानंतरच्या आठवड्यात रेघ सुधारायला लागली. मुलाला महिनाभर ती रेघ दाखवलीच नाही. सर एकटे पाहत. मी इतके दिवस ज्या प्रशिक्षकांना भेटले आहे, त्यांच्यातला चांगला कोण हे मला या प्रसंगापासून नीट ओळखता येते. मोजायला शिकवता येते. मोजलेले कधी खिशात ठेवायचे आणि मुलाच्या भाषेत कोणते एक वाक्य द्यायचे, हे फार थोड्यांना येते.

बाकीचे काम संथ आणि रोजचे होते. फूट-स्ट्रेचर दोन भोके खाली घेतला. टाचा खाली आल्या की पुढे येताना कंबर कमी वाकते, हे लगेच चित्रात दिसले. मिनिटाला १८ स्ट्रोकच्या गतीने लांब फेऱ्या. पायांच्या पट्ट्या सोडून सराव, म्हणजे आदळले की तोल जातो आणि शरीर आपोआप शिकते. आठवड्यात तीन दिवस डबलमध्ये लहान मुलाच्या मागे. एर्गो आठवड्यातून दोनदाच, वीस मिनिटांच्या आत, आणि पडद्यावर वॅटऐवजी जोराची रेघ लावून.

माझ्याकडे त्याचे व्यायाम होते : पाठीला लाठी लावून खुब्यातून वाकणे, लाठी डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकलेली राहिली पाहिजे. तालमीतल्या मुलाला लाठी हातात दिली की तो व्यायाम मन लावून करतो. गोळ्या पहिल्या दहा दिवसांत बंद केल्या. दुखणे किती, हे तो रोज सकाळी दहापैकी एका आकड्यात वहीत लिहायचा, आणि चारच्या वर आकडा गेला की त्या दिवशी बोट नाही, हा करार होता. दोनदा तो वर गेला. दोन्ही वेळा सरांनी करार पाळला, त्यातल्या एकदा तर संस्थेची माणसे पाहायला आलेली असताना.

निष्पत्ती

डिसेंबर अखेरीस सकाळचे दुखणे गेले. तोवर एर्गोची वेळ ६:५८ पर्यंत घसरली होती आणि गावात बोलणे सुरू झाले होते की फौजीने पोराचे वर्ष घालवले. मार्चमध्ये एर्गो ६:४९ वर आले. नदीवरचा वेग ४.०८ वरून ४.२२ झाला. लहान मुलगाही थांबला नव्हता, तो ४.२५ वर होता. म्हणजे पाण्यावर लहान मुलगा अजूनही पुढेच.

संस्थेने पद काढले, पण ते फिटनेस प्रशिक्षकाचे, आणि दुसऱ्याला दिले. एर्गो मात्र परत मागितले नाहीत. परराज्यातल्या अकादमीला सरांनी अकरा महिन्यांच्या कराराला नकार कळवला आणि सोबत विचारले की हिवाळी शिबिरापुरते घ्याल का. त्यांनी घेतले. आता डिसेंबर-जानेवारीत काही आठवडे ते तिथे रोजंदारीवर विश्लेषण करतात, तेवढ्यात गावातला सराव अभियांत्रिकीचे ते दोघे आणि लहान मुलगा सांभाळतात. पेन्शन, शिबिराचे पैसे आणि मुलांची नाममात्र फी यांवर त्यांचे चालले आहे.

पुढच्या वर्षी मोठा मुलगा चाचणीला गेला. सरांनी आधी केंद्राला पत्र लिहून, दोन पानी नोंदी जोडून, पाण्यावरही पाहावे अशी विनंती केली. केंद्राने ती मानली. त्याला पंधरा दिवसांच्या शिबिराला बोलावले; कायमची जागा अजून मिळालेली नाही. कंबर चांगली आहे.

लहान मुलाविषयी मला वाईट वाटते ते सांगितलेच पाहिजे. हलक्या वजनाच्या खेळाडूंचा गट ऑलिम्पिकमध्ये २०२४ च्या पॅरिसला शेवटचा झाला. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या जागी समुद्रकिनाऱ्यावरची बीच स्प्रिंट येते आहे. आपल्याकडच्या सडपातळ अंगाच्या मुलांना जो एक दरवाजा होता तो बंद झाला, आणि ज्याचा कॅच साऱ्या गटात सर्वांत स्वच्छ आहे त्याला वरच्या पातळीवर ८५-९० किलोंच्या मुलांशी झुंजायचे आहे. सरांनी हे त्याला लपवून ठेवले नाही. तो सध्या यांत्रिकीचा डिप्लोमा करतो आहे आणि प्रवेगमापकाची दुसरी डबी त्याने स्वतः बनवली आहे.

वेगळे काय करता आले असते

दुखणे ऑगस्टमध्ये सुरू झाले, पण त्याची पेरणी जूनमध्ये झाली होती. नदी बंद झाली आणि आठवड्याला दोनदा असलेले एर्गो एकदम सहा-सात वेळांवर गेले. ज्या जिल्ह्यात चार महिने बोट पाण्यात जाऊ शकत नाही, तिथे हा बदल मेपासून हळूहळू करायला हवा, आणि प्रत्येक मुलाचे खुब्यातून वाकणे पावसाळ्याआधी तपासून ठेवायला हवे. लाठीची चाचणी दोन मिनिटांची आहे. आता सर ती मेच्या पहिल्या आठवड्यात करतात.

काठावरचा फोनही पहिल्या हंगामातच लागायला हवा होता. सेन्सर नाहीत म्हणून सरांनी वर्षभर मोजणेच बाजूला ठेवले होते. चांगले साधन नसले की साधे साधन कमीपणाचे वाटते, विशेषतः ज्याने चांगले हाताळले आहे त्याला.

मुलाला निर्णयात आधी घ्यायला हवे होते, याबद्दल सरांचे आणि माझे एकमत आहे. गैरहजर राहिलेला तो आठवडा पाठीमुळे नव्हता. चाचणी सोडावी लागेल हे चित्रे दाखवून त्याच्याशी बोलले असते, तर तो कदाचित भांडला असता, पण बाहेर राहिला नसता. केंद्राला पत्र पहिल्याच वर्षी गेले असते तर काय झाले असते, हाही प्रश्न आहे. सरांच्या मनात ते आले होते. हवालदाराने वरच्या केंद्राला नियम बदलायला कसे सांगायचे, या संकोचाने लिहिले नाही.

इथे आमचे एकमत नाही ती गोष्ट संस्थेची. सर म्हणतात, निकाल मागणे हा संस्थेचा हक्क आहे, पैसा त्यांचा. मला वाटते, तोंडी शब्द स्वीकारतानाच त्यांनी काय मोजले जाईल हे ठरवून घ्यायला हवे होते. एका मुलाच्या एका दिवसाच्या निवडीवर प्रशिक्षकाचे पद टांगले, की त्या मुलाच्या शरीरावर प्रशिक्षकाचा डोळा स्वच्छ राहणे अवघड होते. सरांचा राहिला. पुढच्याचा राहीलच असे धरून व्यवस्था करता येत नाही.

या वर्षी एका दुसऱ्या संस्थेशी बोलणे चालू आहे. कागदावर तीन गोष्टी घातल्या आहेत : हंगामाच्या शेवटी किती मुले दुखापतीशिवाय सराव करत आहेत, प्रत्येकाचा नदीवरचा वेग सुरुवातीपेक्षा किती बदलला, आणि दुखणे असलेल्या मुलाला उतरवायचे की नाही हा शेवटचा शब्द प्रशिक्षकाचा. पहिल्या दोन अटी त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरीवर अजून सही झालेली नाही, आणि ती होईपर्यंत सरांनी बोटी घ्यायला नकार दिला आहे.